‘कमकुवत’ म्हणजे नक्की काय? दोष दाखवणाऱ्या मराठी शब्दांविषयी

काही वर्षांपूर्वी गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत मी तिसरीच्या वर्गाला शिकवत होते. सहामाहीची प्रगतिपत्रकं भरताना एका मुलाच्या शेऱ्यात लिहिलं, ‘गणितात कमकुवत’. दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधीच त्याची आई दारात उभी. प्रगतिपत्रक पिशवीत न ठेवता छातीशी धरलेलं. म्हणाली, “बाई, म्हजो पूत कमकुवत ना. पोटभर जेवता, दीसभर धांवता.”

हे फक्त गणितापुरतं आहे, असं मी समजवायला गेले. पण तिचं ऐकता ऐकता लक्षात आलं की तिच्या वाचण्यात काहीच चुकलं नव्हतं. ‘कुवत’ म्हणजे ताकद, अंगातली शक्ती. हा शब्द अरबीतला, त्याच्या पुढे फारसीतला ‘कम’ लागला आणि ‘कमकुवत’ झाला. तापातून उठलेली आजी कमकुवत असते, पावसाने पोखरलेली मातीची भिंत कमकुवत असते. म्हणजे मी त्या पोराच्या आतल्या शक्तीवरच बोट ठेवलं होतं. खरा प्रकार वहीत होता. ४२ मधून १७ वजा करून त्याने ३५ लिहिले होते. १२ मधून ७ गेले, राहिले ५, हे त्याने बरोबर केलं. चार दशकांतला एक आपण आधीच उचलला आहे, हे मात्र तो विसरला. पानभर सगळ्या गणितांत हीच एक गोष्ट. मी शेऱ्यावर रेघ मारली आणि लिहिलं, ‘वजाबाकीत हातचा विसरतो’. तिने अक्षरांवरून बोट फिरवत ते वाचलं आणि विचारलं, “इतलेंच?”

त्या ‘इतलेंच’पासून मी दोष दाखवणारे शब्द कान देऊन ऐकायला लागले. चूक, दोष, उणीव, त्रुटी, खोट, खोड, व्यंग, कसूर, गफलत, हयगय, अवगुण, वैगुण्य, कमजोरी. कोशात पाहिलं तर एकाचा अर्थ म्हणून दुसरा दिलेला असतो, त्यामुळे सगळे सारखेच वाटतात. बोलताना मात्र कुणी त्यांची अदलाबदल करत नाही. ‘मडक्याची चूक आहे’ असं कुणी म्हणत नाही आणि ‘माझ्या हातून खोड झाली’ असंही कुणी म्हणत नाही. कारण यातला प्रत्येक शब्द आधी जागा ठरवतो. बिघाड बसलाय कुठे? हातून झालेल्या कामात, वस्तूच्या पोटात, माणसाच्या स्वभावात, की जे असायला हवं ते नसण्यात?

नसण्यापासून सुरुवात करते, कारण तो या सगळ्यांतला सर्वांत सोशीक प्रकार आहे. ‘उणीव’ आली ‘उणे’वरून आणि ‘उणे’ आलं संस्कृतातल्या ‘ऊन’वरून. हे ऊन म्हणजे अंगणातलं नव्हे. याचा अर्थ कमी. आपण दिवसभर ते बोलतो आणि ओळखत नाही. एकोणीस म्हणजे एक ऊन वीस, विसाला एक कमी. एकोणतीस, एकोणचाळीस, थेट एकोणनव्वदपर्यंत हाच हिशेब. नव्याण्णवला तेवढा तो सुटतो. ‘पाऊण’ म्हणजे पाव ऊन, एकाला पाव कमी. ‘पावणेआठ’ म्हणजे आठाला पाव उणे. पणजीला जायला पावणेआठची कदंबा बस धरणारा माणूस रोज सकाळी एक उणीव उच्चारतो आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. ‘सात पंचेचाळीस’ म्हटलं की आपण किती झालं ते मोजतो. ‘पावणेआठ’ म्हटलं की पूर्ण व्हायला किती राहिलं ते. ‘उणे’मध्ये पूर्ण वस्तू आधी डोळ्यांसमोर असते, मग तिच्यातलं राहिलेलं दिसतं. गोव्यातल्या पोराच्या कानाला तर हा शब्द दुहेरी ओळखीचा, कारण कोकणीत कमी म्हणजे ‘उणें’ आणि कमीजास्त म्हणजे ‘चडउणें’.

म्हणून उणीव ‘भासते’ आणि ‘भरून काढता येते’. तिच्याबरोबर येणारी क्रियापदंच पाहा, त्यांत कुणावर आळ नाही. गावात वाचनालयाची उणीव आहे असं म्हटलं तर गावाला राग येत नाही. कुणी आपल्यातून गेल्यावर ‘त्यांची उणीव भासते’ म्हणतो, तिथे तर हाच शब्द त्या माणसाची थोरवी सांगतो. ‘कमतरता’ हिची चुलतबहीण, पण ती मोजता येणाऱ्या गोष्टींची असते: पाण्याची, शिक्षकांची, शरीरातल्या लोहाची. मायेची उणीव असते. मायेची कमतरता म्हटलं की माया किलोने आणायची वस्तू वाटायला लागते.

याच ‘ऊन’ला ‘नि’ लागून ‘न्यून’ झालं. ज्ञानेश्वरांनी श्रोत्यांना विनवलं की न्यून ते पुरतं करून घ्या आणि अधिक ते सरतं. सांगणाऱ्याचं कमी पडलेलं ऐकणाऱ्याने भरून घ्यायचं, असा तो शब्द होता. पुढे मानसशास्त्र मराठीत आलं आणि ‘न्यूनगंड’ तयार झाला. तोच शब्द माणसाच्या आत जाऊन गाठ होऊन बसला. आणि माणसांनी एकमेकांविरुद्ध वापरलं की ‘उणे’चंही रूप बदलतं. ‘उणंदुणं काढणं’ हे लग्नाच्या मांडवात, वाटण्यांच्या वेळी, कधी कधी शिक्षकांच्या खोलीतही चालतं. तिथे उणं भरून काढत नाहीत, नुसतं बाहेर काढतात.

‘त्रुटी’ हा कागदाचा शब्द. मुळात अर्थ तुटणं, म्हणजे अखंड गोष्टीतला तुटलेला भाग. १९८७ च्या राजभाषा कायद्याने गोव्यात कोकणी राजभाषा झाली, शिवाय शासकीय कामात मराठीच्या वापराचीही तरतूद झाली. त्यामुळे आपल्याकडेही ‘आपल्या अर्जात पुढील त्रुटी आढळल्या’ हे वाक्य ओळखीचं आहे. साक्षांकित प्रत जोडली नाही, सही राहिली, तारीख राहिली. हा शब्द कोरडा आहे आणि ते बरंच आहे. त्रुटी कागदात असते, अर्जदारात नसते. ‘तुम्ही चूक केलीत’ असं पत्र आलं तर माणूस खचतो; ‘त्रुटी आहेत’ म्हटलं की तो झेरॉक्सच्या दुकानाकडे वळतो. जाता जाता शुद्धलेखनाचं: एकटी ‘त्रुटी’ दीर्घ, पण समासात पहिली आली की ऱ्हस्व, ‘त्रुटिपूर्तता’.

आता चूक. या एका शब्दात मराठीने जेवढं भरून ठेवलंय तेवढं दुसऱ्या कुठल्याच शब्दात नसेल. मुळात ‘चुकणे’ म्हणजे नेम, वाट किंवा वेळ हुकणं. बाण चुकतो, वाट चुकते, बस चुकते, काळजाचा ठोका चुकतो. कळपातलं वासरू चुकतं, ते काही गुन्हेगार नसतं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दोन बहिणी ठरवूनही भेटल्या नाहीत तर ती ‘चुकामूक’, त्यात दोघींपैकी कुणाकडेच दोष नाही. पुढे जाऊन चुकणं म्हणजे टळणंही होतं: मरण कुणाला चुकलंय? आणि टाळलं तर ‘चुकवणं’. कर चुकवला म्हणजे भरला नाही, पण देणं ‘चुकतं’ केलं म्हणजे पै-पैशासकट फेडलं. एका अक्षराच्या फरकाने बुडवणारा आणि फेडणारा समोरासमोर उभे राहतात. ‘चुकून’ म्हणजे हेतू नसताना, ‘न चुकता’ म्हणजे नेमाने. चूक ही हुकलेली गोष्ट असल्यामुळे पुढच्या वेळी साधता येते, ही आशा या शब्दाच्या मुळातच आहे. म्हणून मुलांसाठी मला हाच शब्द सर्वांत बरा वाटतो. उत्तर चुकलं. मुलगा चुकीचा नाही.

पण चूक मान्य करायची वेळ आली की व्याकरण बोलायला लागतं. ‘मी चूक केली’: इथे करणारी मी, केलेली चूक, मधे कुणी नाही. ‘मी चुकले’: यातही मीच आहे, पण वाट चुकल्यासारखी. ‘माझ्या हातून चूक झाली’: इथे हात पुढे आला, मी जरा मागे सरकले. ‘माझं चुकलं’: यात क्रियापद नपुंसकलिंगी झालं, नेमकं काय चुकलं ते मोघम राहिलं, तरीही घराघरात भांडण मिटवायला हेच वाक्य चालतं, कारण ‘माझं’ म्हणून माणसाने जबाबदारी घेतलेली असते. ‘चूक झाली’: करणारा दिसेनासा झाला. आणि ‘काही चुका झाल्या असतील तर’ म्हटलं की चूकही दिसेनाशी होते, उरतं फक्त ‘तर’. जाहीर निवेदनांत हे शेवटचं वाक्य फार येतं आणि ते ऐकून दुखावलेल्या माणसाचं समाधान का होत नाही, याचं उत्तर इथे आहे. ‘दिलगिरी’चंही तसंच. फारसीत दिलगीर म्हणजे खिन्न, उदास. दिलगिरी व्यक्त करणारा मला वाईट वाटतंय एवढंच सांगतो. माफी मागणारा मी केलं असं म्हणतो. दुखावलेल्याला हे शब्दांत मांडता आलं नाही तरी फरक कळतो.

जुन्या बिलांच्या आणि हिशेबाच्या कागदांच्या तळाशी ‘चू. भू. द्या. घ्या.’ लिहिलेलं असायचं. चूकभूल द्यावी घ्यावी. चार अक्षरांत केवढा सभ्यपणा आहे! आमच्याकडून तुम्हाला जास्त लागलं असेल तर आम्ही परत देऊ, कमी लागलं असेल तर तुम्ही द्या. चूक म्हणजे हिशेबात हुकलेलं, भूल म्हणजे विसरलेलं. भूल या शब्दाला आणखी दोन वाटा आहेत. रानात एकाच झाडाभोवती माणूस फिरत राहिला तर त्याला भूल पडली म्हणतात; आणि शस्त्रक्रियेआधी डॉक्टर भूल देतात. तिन्हीकडे गोष्ट एकच, शुद्ध काही वेळ जागेवर नसणं.

चुकीचा भार कुणावर टाकायचा, हेही मराठीने शब्दांत वाटून दिलंय. डोळ्यावर टाकला की ‘नजरचूक’, हातावर टाकला की ‘हस्तदोष’. दोन गोष्टींची सरमिसळ झाली तर ‘गल्लत’, भान सुटलं तर ‘गफलत’. छापखान्यात अक्षरं जुळवायच्या काळात सगळा भार एका राक्षसावर टाकायची पद्धत होती, ‘मुद्राराक्षस’. एका संस्कृत नाटकाचं हे नाव मराठी छपाईत येऊन चुका करणारं भूत झालं. मात्र कामाची जबाबदारी अंगावर असताना ती टाळली, तर भाषा ही सवलत देत नाही. तिथे कसूर, हयगय, कुचराई, ढिलाई, हलगर्जीपणा असे शब्द येतात. बंधाऱ्याच्या फळ्या वेळेत घातल्या नाहीत, वाकलेला विजेचा खांब पाहूनही कुणी हलला नाही, तर तिथे ‘चूक झाली’ हा शब्द अपुरा आहे. त्याला हयगय म्हणायला हवं. मोठ्या गोष्टीला लहान शब्द वापरणं हे लहान गोष्टीला मोठा शब्द वापरण्याइतकंच घातक.

खोट समजून घ्यायची असेल तर मडक्यांच्या दुकानासमोर दहा मिनिटं उभं राहावं. डिचोलीची मातीची भांडी प्रसिद्ध. गणेशचवथीच्या आधी घुमट या मातीच्या तालवाद्याची मडकी घ्यायला आलेला जाणता माणूस मडकं नुसतं पाहत नाही. एका हाताने ते कानाजवळ उचलून धरतो आणि दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेराने टिचकी मारतो. खणखणीत वाजलं तर ठेवतो, बद्द वाजलं तर काही न बोलता बाजूला सारतो. मी एकदा बाजूला सारलेलं एक मडकं उचलून चहूकडून पाहिलं, मला काहीच दिसलं नाही. विकणाऱ्या बाईंनी ते माझ्या हातातून घेतलं, उन्हाकडे धरलं आणि बुडाशी नखाएवढी केसासारखी रेघ दाखवली. ती खोट. खोट दिसत नाही, वाजवून काढावी लागते. भाजताना किंवा त्याआधी मातीतच राहून गेलेली. म्हणूनच माणसाबद्दल ‘त्याच्या मनात खोट आहे’ म्हणतो, मनात चूक आहे असं म्हणत नाही. वरून सगळं ठीक असतं, आतून बद्द.

सोनाराच्या पेढीवरही हाच शब्द. सोन्यात खोट म्हणजे भेसळ, आणि खोट असलेलं नाणं ते खोटं नाणं. त्या पेढीवरून आणखी बरेच शब्द माणसांकडे आले. कसोटीच्या दगडावर घासून जो उतरतो तो कस, त्यात कमी भरलं ते ‘हिणकस’, पूर्ण उतरलं ते ‘बावनकशी’. निरनिराळी नाणी चालायची तेव्हा नाणं बदलून देताना जी कट धरली जायची तो ‘बट्टा’; आता घराण्याच्या नावाला बट्टा लागतो. व्यापारात तर खोट म्हणजे सरळ तोटा, ‘यंदा धंद्यात खोट आली’. आणि आपल्या गोव्यात एक जास्तीची गंमत कानावर पडते. मराठीत ‘फट’ म्हणजे दाराखिडकीतली भेग, जिथून वारा येतो. कोकणीत ‘फट’ म्हणजे खोटं बोलणं. माझ्या वर्गातल्या एका मुलीने ‘दाराला फट आहे’ हे वाक्य वाचून विचारलं होतं, दार खोटं कसं बोलेल? तिचा प्रश्न मी फळ्यावर लिहून ठेवला होता.

‘खोड’ गोठ्यातून आली असावी असं वाटावं इतकी ती जनावरांच्या बाजारात ऐकू येते. बैल चांगला, पण मारका आहे, किंवा मधेच बसतो, ही त्याची खोड. विकणारा ती लपवतो, घेणारा शोधतो. खोड म्हणजे पुन्हापुन्हा होणारी, अंगवळणी पडलेली गोष्ट. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, ही म्हण तिच्या चिवटपणावरच उभी आहे. पण याच शब्दाला लहान मुलांजवळ आल्यावर माया फुटते. ‘खोडी काढणं’, ‘खोडकर’. खोडकर मुलाबद्दल बोलताना आईच्या तोंडावर हसू असतंच. पण ‘खोड मोडली पाहिजे’ म्हटलं की ते हसू जातं.

दोषाबद्दल थोडक्यात. धातू ‘दुष्’, बिघडणं, नासणं. आयुर्वेदात वात, पित्त, कफ यांना दोष म्हणतात, आणि नवख्याला वाटतं की ते शरीरातून काढूनच टाकायचे असतात. तसं नाही. प्रमाणात असतील तोवर हेच तिघं शरीर चालवतात. प्रमाण ढळलं की बिघडवतात. बिघडवू शकणारे म्हणून दोष. कोर्टात दोषी ठरवलं जातं, छपाईत मुद्रणदोष असतो, डोळ्यांत दृष्टिदोष असतो. या सगळ्या ठिकाणी दोष तपासून ठरतो, कुणी तरी पुरावा बघतं, भिंग लावतं, मोजतं. कुंडलीतल्या दोषाला मात्र असं काही लागत नाही, आणि त्या एका शब्दापायी चांगल्या शिकल्यासवरल्या मुलींना वर्षानुवर्षं मान खाली घालून बसवलं जातं, याचा मला राग आहे. जो दोष कुणी पाहिला नाही, मोजला नाही, तो एखाद्या मुलीच्या नावाला चिकटवताना हाच भारदस्त शब्द कामी येतो.

वस्तूंकडून स्वभावाकडे आलं की मराठी एकदम बोलकी होते. धांदरट, बावळट, चेंगट, हेकट, तिरसट. शेवटचा ‘ट’ ऐका. हाच ‘ट’ मळकट, तेलकट, कळकट यांत आहे. वस्तूला ‘ट’ लागला की ती हाताला नकोशी होते आणि माणसाला लागला की तोही थोडा दूर सारला जातो. उलट ‘विसरभोळा’ पाहा. विसरणं हा अवगुण, पण शब्दातच ‘भोळा’ घालून भाषेने त्याला आधीच माफ केलंय. एकच वागणं कुठल्या नात्यातून पाहतो यावरही शब्द फिरतो. आपला माणूस काटकसरी, शेजारचा कंजूष. मुलगा ठाम, सून हट्टी. भाऊ स्पष्ट बोलतो, वहिनी तोंडाळ आहे. बायकांच्या वाट्याला येणारे शब्द जास्त बोचरे का असतात, हे एकदा घरातल्या जेवणाच्या गप्पा ऐकताना मोजून पाहावं.

याचं सर्वांत मोठं उदाहरण आपल्या दारातच आहे, ‘सुशेगाद’. पोर्तुगीज ‘सोसेगादो’वरून आलेला हा शब्द, अर्थ शांत, निवांत. गोव्याबाहेरचे लोक तो ‘आळशी’च्या जागी वापरतात: दुपारी दुकानं बंद, म्हणजे सुशेगाद. पण पहाटे चारला उठून पाव भाजणारा पदेर, भल्या पहाटे होडी काढणारा रांपणकार, सकाळी सातला शेतात उतरलेली बाई, हे दुपारी पाठ टेकतात तेव्हा तो आळस कसा होईल? आपल्या घरात ‘आतां सुशेगाद बस’ म्हणतात ते दमून आलेल्या माणसाला, काम टाळणाऱ्याला नव्हे. पर्यटनाच्या जाहिरातींतून हा शब्द इतका फिरलाय की आता आपलीच पोरं स्वतःच्या आळसाला सुशेगाद म्हणायला लागली आहेत. बाहेरच्याने चिकटवलेला दोष आपण आपलं नाव म्हणून घेतला, याचं मला वाईट वाटतं.

नावावरून आठवलं. बारशाला बाळाचं ‘नाव ठेवतात’. त्याच क्रियापदाने, नुसतं अनेकवचन करून, आपण लोकांना ‘नावं ठेवतो’. एकाने माणूस ओळखीचा होतो आणि दुसऱ्याने तो एका अवगुणापुरता उरतो. आणि ‘खापर फोडणं’ म्हणजे काय, हे त्या मडक्याच्या दुकानात मला नव्याने समजलं. खापर म्हणजे फुटलेल्या मडक्याचा तुकडा. मडकं फुटलेलंच असतं, फक्त कुणाच्या डोक्यावर, एवढंच ठरायचं असतं.

आता ‘व्यंग’, ज्याच्याबद्दल लिहिताना मी सर्वांत जास्त सांभाळून लिहिते. अंगात काही वेगळं किंवा कमी असणं, असा त्याचा अर्थ. व्यंगचित्रात हाच शब्द आहे. काव्यातलं सूचक ‘व्यंग्य’ वेगळं, त्याला शेवटी ‘य’ आहे. शरीरावरच्या या शब्दांनी मराठी फार बेफिकिरीने वाक्प्रचार केले. लंगडी सबब, आंधळा कारभार, बहिरं सरकार. माझ्या वर्गात एक मुलगी पायाला आधार लावून चालायची. एकदा गृहपाठ न आणलेल्या मुलाला मी बोलून गेले, ‘असली लंगडी सबब सांगू नकोस’, आणि तिने पुस्तकातून मान वर केली. काही बोलली नाही, पुन्हा वाचायला लागली. त्या दिवसापासून मी ‘पोकळ सबब’ म्हणते. अर्थ तोच राहतो, उलट जास्त नेमका होतो.

‘अपंग’ जाऊन ‘दिव्यांग’ आला तो डिसेंबर २०१५ नंतर, पंतप्रधानांनी रेडिओवरून सुचवल्यावर. २०१६ च्या कायद्याने विकलांगतेचे प्रकार ७ वरून २१ केले. शब्द बदलल्यावर काहींना बरं वाटलं, पण ज्यांच्यासाठी तो आणला त्यांच्यातल्या अनेकांनी हरकत घेतली: आमच्यात दिव्य काही नाही, आम्हाला उतार असलेला जिना, ब्रेलमधला फलक आणि खुणांची भाषा येणारा माणूस हवा. २०२३ च्या जानेवारीत पणजीत पहिला पर्पल फेस्ट झाला, तेव्हा हीच बाजू उघड्यावर दिसली. चाकांच्या खुर्चीला चढता येत नसेल तर उणीव इमारतीत आहे. खुर्चीतल्या माणसात नाही. दोषाची जागा हलवली की काम कुणी करायचं तेही हलतं, म्हणून हा नुसता शब्दांचा खेळ नाही.

इंग्रजीतून आलेल्यांनीही आपापल्या जागा धरल्या आहेत. पावसात झाड तारांवर पडलं की रात्रभर काळोख, आणि सकाळी वायरमन सांगतो, ‘फॉल्ट सापडला’. लायनीत दोष सापडला असं तो म्हणणार नाही, आणि त्याने म्हणूही नये. फॉल्ट हा शोधून जोडायचा असतो. ‘मिस्टेक’ घाईत सुटणारी, ‘डिफेक्ट’ दुकानात परत करायचा. आणि ‘वीक पॉइंट’ तर जवळजवळ प्रेमाचा शब्द झालाय. इसवणाची, म्हणजे सुरमईची, तळलेली तुकडी हा माझ्या नवऱ्याचा वीक पॉइंट आहे. त्याला कमकुवतपणा म्हणायचं माझ्या मनातही येणार नाही.

आमच्या बाजूला देवळात गाऱ्हाणं घालतात. गावकार किंवा पुजारी देवापुढे उभा राहून एका लयीत गावाचं म्हणणं मांडतो: पीक, पाऊस, आजार, परदेशी गेलेली मुलं. त्यात एक जागा ठरलेली असते, गावाच्या हातून जे ‘चुकलं-माकलं’ असेल ते पोटात घाल. ‘माकलं’ला एकट्याला अर्थ नाही. जेवणबिवण म्हणतो तसं ते चुकलंच्या मागे प्रतिध्वनीसारखं येतं आणि चुकीचा घेर वाढवतं: माहीत असलेली, नसलेली, करायची राहिलेली, केलेली पण अर्धी. कुणाचं नाव नाही. वर्षभर एकमेकांचं उणंदुणं काढलेली दोन घरं त्याच ओळीत शेजारी हात जोडून उभी असतात आणि ते एक क्रियापद दोघांनाही पुरतं. ‘पोटात घाल’ हेही बघा, चूक पुसून टाक असं देवाला कुणी सांगत नाही. ती राहील, पण तुझ्या पोटात राहील. मग पेडण्याकडे सगळे एका आवाजात म्हणतात, “व्हय महाराजा!”